घाटात न्यूट्रल: माणूस इतका वाईट वागतो कसा, आणि तो सुधारतो का?

एखादी भयंकर बातमी आली की आपल्याकडे तीन शब्द ठरलेले असतात, नराधम, हैवान, विकृत. चॅनलच्या लाल पट्टीवर दिवसभर तेच फिरतात, खाली कमेंटमध्ये "भर चौकात फाशी द्या", आणि मग आमच्या फॅमिली ग्रुपवर काकू हमखास विचारतात, "अरे पण हे असलं करवतं कसं रे माणसाला?" मला काकूंचा प्रश्न त्या तिन्ही शब्दांपेक्षा मोलाचा वाटतो. पोराला तापलंय म्हणून डॉक्टरकडे नेलं आणि डॉक्टरने कपाळाला हात लावून सांगितलं की "याला ताप आलाय", तर आपण फी देऊ का? नराधम म्हणणं तसंच आहे. राग निघतो (माझाही निघतो, मी काही संत नाही), पण कळत काहीच नाही.

तर हे काकूंसाठी. वाईट म्हणजे इथे काय धरायचं तेवढं आधी ठरवून टाकू. गर्दीत चुकून धक्का लागला तर ते वाईट नाही. समोरच्याला त्रास होतोय हे दिसतंय, तरी आपण तो देतोय किंवा चालू देतोय, आणि तो जणू आपल्यासारखा माणूसच नाही असं वागतोय, ते वाईट. मग ते खुनापर्यंत जावो की सोसायटीच्या लिफ्टपर्यंत.

आपण केलेलं नेहमी छोटंच दिसतं

रॉय बाउमायस्टर म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये एक साधासा अभ्यास छापला. लोकांना स्वतःच्या आयुष्यातल्या दोन खऱ्या घटना लिहायला सांगितल्या, एक म्हणजे कुणीतरी तुम्हाला भयंकर संताप आणला ती, आणि दुसरी म्हणजे तुम्ही कुणाला तसा संताप आणला ती. लिहिणारी माणसं तीच. पण आपल्याला दुखावलं त्या गोष्टीत काय यायचं, तर समोरच्याने उगाचच केलं, पुन्हा पुन्हा केलं, त्याचा त्रास अजून होतो. आणि आपण दुखावलं त्या गोष्टीत? एकदाच झालं, त्याला कारण होतं, आता ते मिटलंय.

बांधावरून कोर्टात गेलेल्या दोन सख्ख्या भावांना वेगवेगळं बसवून ऐकलंय का कधी? हेच ऐकू येतं. आणि दोघंही खोटं बोलत नसतात, म्हणजे मुद्दाम तरी नाही.

यातून पहिली गोष्ट कळते ती अशी की जो वाईट करतो त्याला आतून 'मी वाईट आहे' असं सहसा वाटतच नाही. सिनेमातला व्हिलन आरशासमोर हसतो. खऱ्या आयुष्यातला माणूस म्हणतो, "माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत?"

घाटात गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की काय होतं

इथे एक जड शब्द सहन करा, एकदाच: मॉरल डिसएंगेजमेंट. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाचा शब्द आहे. मी त्याला घाटातलं न्यूट्रल म्हणतो. बोरघाट उतरताना पाट्या लागलेल्या असतात ना, उतारावर वाहन न्यूट्रलमध्ये चालवू नका, तरी डिझेल वाचतं म्हणून काही ट्रकवाले टाकतातच. गाडी गिअरमध्ये असेल तर इंजिन तिला धरून ठेवतं. न्यूट्रलमध्ये टाकली की इंजिन चालूच असतं, आवाजही येतो, पण चाकांशी त्याचा संबंध तुटलेला. गाडी छान गुळगुळीत पळते, ड्रायव्हरला बरं पण वाटतं, आणि मग ब्रेक तापून निकामी होतात तेव्हा उशीर झालेला असतो.

आपली सदसद्विवेकबुद्धी म्हणजे ते इंजिन. वाईट वागायला ती नष्ट व्हावी लागत नाही, चाकांपासून सुटली तरी पुरतं. म्हणून तर लाच खाणारा माणूस घरी मुलाला 'खोटं बोलू नये' शिकवतो आणि ते अगदी मनापासून शिकवतो.

न्यूट्रल टाकायचे प्रकार बांडुरांनी मोजून ठेवलेत, मी यादी देत नाही, त्याऐवजी एक रात्र सांगतो.

मी इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला होतो, कॉलेजचं नाव राहू दे. ऑगस्टचा पाऊस, हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये ओल्या टॉवेलांचा वास. फर्स्ट इयरचा एक पोरगा, मराठवाड्यातून आलेला, त्याला आमच्या खोलीत 'इंट्रो'साठी बोलावलं होतं. रॅगिंग हा शब्द कुणी वापरायचं नाही, १९९९ पासून महाराष्ट्रात त्याविरुद्ध कायदा आहे, त्यामुळे इंट्रो. कॉटवर उभा केला, डोक्यावर बादली, गाणं म्हण, मग शर्ट काढ, मग पुढचं. मी काय करत होतो? मी दारात उभा होतो, वॉर्डन येतो का बघत. मी त्याला बोट लावलं नाही हे मी नंतर कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलोय. त्याच्या पायात निळ्या स्लिपर होत्या आणि एकीचा पट्टा सेफ्टी पिन लावून धरलेला, हे अजून आठवतं, कारण मी त्याच्या तोंडाकडे बघत नव्हतो, खालीच बघत होतो.

आता त्या खोलीतली वाक्यं बघा. "इंट्रो आहे फक्त." गोंडस नाव. "सगळ्यांचा होतो, आपला पण झाला." म्हणजे रीतच आहे. "पोरं घट्ट होतात याने." वर उपकार पण. "भाऊ बोललाय घ्यायला." म्हणजे जबाबदारी फायनल इयरच्या सिनियरची. "बघ ना कसा येड्यासारखा उभाय." म्हणजे तो माणूसच नाही. "त्या बाजूच्या हॉस्टेलला तर याच्यापेक्षा बेकार चालतं." दहा मिनिटांत बहुतेक प्रकार वापरून झाले आमचे, आणि बांडुरांचं नाव एकालाही माहीत नव्हतं.

ती स्विचची खोली

हे सगळं पोरकट वयातलं, मोठी समजदार माणसं असं करत नाहीत, असं वाटत असेल तर १९६१ ची गोष्ट. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रॅम नावाचा तरुण प्राध्यापक होता, ज्यू घरातला. त्याच वर्षी जेरुसलेममध्ये आइकमनवर खटला चालू होता, लाखो ज्यूंना छळछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्यांचं नियोजन करणारा हा नाझी अधिकारी, आणि त्याचं कोर्टातलं म्हणणं काय तर मी हुकूम पाळले. मिलग्रॅमने जाहिरात दिली, स्मरणशक्तीचा प्रयोग आहे, चार डॉलर आणि येण्याजाण्याचे पन्नास सेंट मिळतील. साधी माणसं आली. त्यांना एका यंत्रासमोर बसवलं, ३० स्विच, १५ व्होल्टपासून ४५० पर्यंत, पलीकडच्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की शॉक द्यायचा आणि दर वेळी एक स्विच पुढे जायचं. शॉक खरे नव्हते, पलीकडचा माणूस सामील होता, पण हे त्यांना माहीत नव्हतं. ३०० व्होल्टला तो भिंत बडवायचा, मग त्याची उत्तरंच बंद व्हायची. मुख्य प्रयोगातल्या ४० पैकी २६ जण शेवटच्या स्विचपर्यंत गेले. आणि मजेत नाही हं, घाम फुटलेला, हात थरथरत होते, काही जण घाबरून विचित्र हसत होते. इंजिन चालूच होतं म्हणजे.

इथपर्यंतचं बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. मला जास्त बोलके वाटतात ते त्याचे बाकीचे प्रयोग. एकात स्विच दुसराच कुणीतरी दाबायचा आणि आलेल्या माणसाने फक्त बाजूला बसून बाकीचं काम करायचं, तेव्हा ४० पैकी ३७ जण शेवटपर्यंत थांबले. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला सेफ्टी पिन आठवली. दुसऱ्या एकात सोबत बसलेले दोघं, म्हणजे मिलग्रॅमचीच माणसं, मध्येच उठून "आम्ही हे करणार नाही" म्हणाले, तर शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी फक्त ४ उरले. माणसं तशीच, शहर तेच, यंत्र तेच. सोबत कोण आहे आणि ते काय करतंय याने एवढा फरक.

आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. काहींना शॉक खोटे असल्याचा संशय आला होता, प्रयोग घेणाऱ्याने ठरलेल्या वाक्यांपेक्षा जास्त दबाव आणला असं नंतर रेकॉर्डिंगमधून दिसलं. आणि एक गंमत, २००९ मध्ये जेरी बर्गर यांनी यातलाच सौम्य प्रयोग पुन्हा छापला (ते १५० व्होल्टलाच थांबायचे), त्यात "प्रयोगासाठी हे गरजेचं आहे" म्हटलं की लोक चालू ठेवायचे, पण "तुम्हाला दुसरा पर्याय नाही" असा सरळ हुकूम आला की नाही म्हणायचे. म्हणजे आंधळेपणाने हुकूम पाळणं हे पूर्ण उत्तर नाही. काहीतरी चांगल्या कामासाठी करतोय असं वाटलं की माणूस जास्त लांब जातो. विज्ञानासाठी, धर्मासाठी, घराण्याच्या नावासाठी, काहीही घाला तिथे.

(स्टॅनफर्डचा १९७१ चा जेलवाला प्रयोग मुद्दाम घेत नाहीये. सहा दिवसांत साधी पोरं क्रूर गार्ड झाली अशी ती गोष्ट सांगितली जाते, पण गार्डना कडक वागा म्हणून आधीच चावी मारली होती हे नंतर बाहेर आलं. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र अजून जोरात फिरतो.)

मग काही जण जन्मजातच तसे नसतात का?

असतात, थोडे. इथे सायकोपाथ हा शब्द येतो, सिनेमाने पार वाया घालवलेला. त्याचा अर्थ वेडा असा नाही. उलट वेडाचे भास, भ्रम वगैरे त्याला काही नसतं, तो गोड बोलतो, हुशारीने वापरून घेतो, भीती कमी वाटते, आणि दुसऱ्याचं दुःख बघून आपल्या पोटात जे कालवतं ते त्याच्या पोटात फारसं कालवत नाही. तुरुंगात तपासणीसाठी रॉबर्ट हेअर यांची २० मुद्द्यांची यादी वापरतात, ४० पैकी गुण. समाजात असे साधारण शंभरात एक असावेत असा अंदाज आहे. आपल्या उपमेत सांगायचं तर यांचं इंजिनच अशक्त.

आणि एक ओळ मध्येच, कारण हे फार ऐकतो: "असलं करणारा मेंटलच असणार." नाही. डिप्रेशन, स्किझोफ्रेनिया वगैरे असलेली बहुतेक माणसं कुणाच्या केसालाही धक्का लावत नाहीत, उलट त्यांच्यावरच अत्याचार होण्याची शक्यता जास्त. प्रत्येक बातमीला 'मनोरुग्ण' म्हणून आपण तिसऱ्याच माणसाला शिक्षा देतो.

बरं, अशक्त इंजिन म्हणजे कायमचं बंद का? नेदरलँड्समध्ये क्रिस्टियान केझर्स आणि त्यांच्या टीमने सायकोपाथ ठरलेल्या गुन्हेगारांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये घालून छोटे व्हिडिओ दाखवले, एक हात दुसऱ्या हाताला मारतोय, झिडकारतोय असे. नुसतं बघताना त्यांच्या मेंदूत इतरांपेक्षा कमी हालचाल. मग सांगितलं, आता त्या हाताला काय वाटत असेल ते अनुभवायचा प्रयत्न करा. आणि फरक बराच कमी झाला. म्हणजे आपली करुणा आपोआप सुरू होते, त्यांना किक मारावी लागते. ते किक मारत नाहीत हा भाग वेगळा, का मारतील, फायदा काय?

बरं करायला गेले आणि बिघडवून बसले

कॅनडातल्या ऑंटारिओमध्ये ओक रिज नावाचा कडक बंदोबस्ताचा विभाग होता, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे प्रयोग सुरू झाला. कल्पना अशी की सायकोपाथांच्या मनाच्या भिंती तोडल्या की आतली करुणा बाहेर येईल. मग काय, कैद्यांना नग्न अवस्थेत दिवसेंदिवस एका खोलीत एकत्र कोंडायचं, एलएसडीसारखी ड्रग्ज द्यायची, एकमेकांना मनातलं बोलायला लावायचं, आणि थेरपी चालवणारे बरेचसे कैदीच. १९९२ मध्ये हिशोब छापून आला. जे सायकोपाथ नव्हते ते सुटल्यावर थोडे शांत झाले होते. सायकोपाथ मात्र अशी थेरपी न मिळालेल्या सायकोपाथांपेक्षाही जास्त हिंसक निघाले. दुसऱ्याच्या भावना ओळखायला शिकले आणि त्याचा वापर फसवायला केला, असा अभ्यासकांचा अंदाज. पुढे तिथल्या कोर्टाने या प्रकाराला छळ म्हटलं.

यावरून वर्षानुवर्षं एकच निष्कर्ष काढला गेला की यांना उपचार नाही. मला तो निष्कर्ष म्हणजे डॉक्टरने चुकीचं ऑपरेशन करून "पेशंटच असा होता" म्हणण्यासारखा वाटतो.

मेंडोटाचा शनिवारचा पिझ्झा

१९९५ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन शहरात, मेंडोटा नावाचं केंद्र सुरू झालं. किशोर कारागृहांनी हात टेकलेली पोरं तिथे पाठवायची. (मुलांना सायकोपाथ असा शिक्का मारत नाहीत, पण बरेच जण त्या वाटेवरचे.) तिथल्या लोकांनी एक चक्र ओळखलं होतं: पोरगा अंगावर येतो, शिक्षा होते, तो अजून चवताळतो, अजून मोठी शिक्षा, शेवटी त्याच्याकडे गमावण्यासारखं काही उरतच नाही आणि ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही नाही त्याला तुम्ही काय घाबरवणार.

अशा मेंदूंवर शिक्षेची भीती फारशी चालत नाही पण बक्षिसाची ओढ चालते, हे अभ्यासातून माहीत होतं. मग त्यांनी तेच धरलं. दिवसात बऱ्याच वेळा वागणुकीला गुण, आज नीट वागलास तर उद्या सवलत, शनिवारचा पिझ्झा, व्हिडिओ गेम, रात्री जरा उशिरापर्यंत जागायची मुभा. आणि चुकला तरी उद्या पाटी कोरी. ऐकायला बालवाडी वाटते. त्यासोबत रोजचं समुपदेशन, आणि अंगावर येणाऱ्या पोराशी संबंध न तोडणारे कर्मचारी, हे सगळ्यात अवघड असणार.

२४८ मुलांचा सुटकेनंतर साडेचार वर्षं माग काढला. त्यातली १४७ साध्या किशोर कारागृहात राहिलेली, १०१ मेंडोटाची, आणि मेंडोटाची जास्त बिघडलेली. पुन्हा गुन्हा करणारे तिकडे ९७ टक्के, मेंडोटाचे ६४. साध्या कारागृहातून सुटलेल्यांनी तेवढ्या काळात १६ खून केले. मेंडोटाच्यांनी एकही नाही.

६४ टक्के पण नजरेआड करू नका. दोन तृतीयांश पोरं पुन्हा घसरलीच. आणि मुलं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती, त्यामुळे जपूनच बोललं पाहिजे. डायबेटिससारखं बघा, बरा झाला म्हणत नाही आपण, शुगर कंट्रोलमध्ये आहे म्हणतो.

आपल्याकडचं एक गाव

हे सगळं परदेशातलं म्हणाल, तर सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. १९३९ मध्ये औंध संस्थानात, भवानराव पंतप्रतिनिधींच्या काळात, मॉरिस फ्रिडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनिअरच्या पुढाकाराने सुरू झालेली कैद्यांची खुली वसाहत. भिंती नाहीत, बेड्या नाहीत, कैदी शेती करतात आणि बायकामुलं सोबत राहू शकतात. या प्रयोगावरून १९५७ मध्ये गाजलेला हिंदी सिनेमा निघाला, तो आपल्या आजोबांनी पाहिला असेल, पण खरं गाव महाराष्ट्राच्या तुरुंग खात्याकडे आहे हे फार कमी जणांना माहीत असतं. इथे कुणालाही उचलून आणत नाहीत, आधी तुरुंगात बराच काळ चांगलं वागलेलेच येतात. माझ्या उपमेत, पुन्हा गिअर टाकायचा तर रस्ता लागतो. बंद गॅरेजमध्ये गाडी गिअरमध्ये आहे का न्यूट्रलमध्ये, कळणार कसं?

'म्हणजे माफ करायचं का? फाशी नको, जेल नको?'

असं मी म्हटलं नाही. धोकादायक माणसाला बाकीच्यांपासून लांब ठेवलंच पाहिजे, मेंडोटालाही कुलपं आहेत. कारण समजलं म्हणजे हिशोब मिटला असं होत नाही. बालपण वाईट गेलं म्हणून केलं, हे पण अर्धंच, मार खाऊन वाढलेली कितीतरी माणसं स्वतःच्या पोरांना चापटही मारत नाहीत.

पण कुठली शिक्षा उपयोगी, एवढं तरी बघाल की नाही? जून टँगनी यांनी अमेरिकेत जवळपास पाचशे कैद्यांचा अभ्यास केला. 'मी वाईट केलं' असं वाटणारे सुटल्यावर कमी घसरले. 'मीच वाईट आहे' असं वाटणाऱ्यांचं मात्र दोन्हीकडे जाऊ शकत होतं, काही लपून गप्प बसले, आणि ज्यांनी त्या शरमेपोटी दुसऱ्यांवर खापर फोडलं ते जास्त घसरले. लाल पट्टी काय ओरडते? तूच वाईट आहेस.

वाल्या कोळ्याची गोष्ट या नजरेने परत आठवून बघा. दर खुनाला एक खडा, असे सात रांजण भरलेले, म्हणजे हिशोब ठेवायला त्याची हरकत नव्हती. नारदाने त्याला राक्षस म्हटलं नाही, एवढंच विचारलं की हे कुणासाठी करतोस, आणि ते या पापात वाटेकरी आहेत का, घरी जाऊन विचार. 'बायकापोरांसाठी करतो' हे त्याचं न्यूट्रल होतं. घरच्यांनी नाही म्हटल्यावर गाडी एकदम गिअरमध्ये आली. आणि पुढे अंगावर वारूळ चढेपर्यंत वेळ लागला, ते आपण गोष्ट सांगताना एका वाक्यात उरकतो.

आणि ज्याला भोगावं लागलं तो?

हा आक्षेप मला सगळ्यात पटतो. करणाऱ्याच्या मेंदूचे स्कॅन, करणाऱ्याला पिझ्झा, आणि ज्याचं गेलं त्याच्याकडे कुणी बघतच नाही. करणारा आणि भोगणारा यांची समोरासमोर भेट घडवायचे प्रयोग काही देशांत चालतात, पण त्याची पहिली अट हीच की भोगणाऱ्याची इच्छा हवी. करणाऱ्याला हलकं वाटावं म्हणून दुसऱ्याला पुन्हा त्या खोलीत न्यायचं नाही.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी कळलं. तीनेक वर्षांपूर्वी मी त्या पोराचा, आता पोरगा कसला, दोन मुलांचा बाप आहे, नंबर मिळवला आणि फोन केला. नाव सांगितलं तर त्याला ओळख लागेना. मग म्हणाला, "हां, दारात उभा असायचास तो." बाकी कुणाची नावं त्याने काढली नाहीत. मी जे पाठ करून ठेवलं होतं ते सगळं बोललो, त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर विचारलं, "हा फोन माझ्यासाठी केलास का तुझ्यासाठी?" मी काहीतरी पुटपुटलो. तो म्हणाला, "ठीक आहे रे, विचारलं आपलं. ठेवू का, गॅसवर दूध आहे."